सुनंदाच्या नावाने सोडलेले मासे

मी गळ्यात तुळशीची माळ असलेली बाई. मासे मी आयुष्यात खाल्ले नाहीत आणि पुढेही खाणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की हिला स्वतःलाच चटक लागली असेल. रोज सकाळी पूजा झाली की मी वहीत पानभर लिहिते. देवापुढे बसून लिहिते, म्हणून खोटं लिहीत नाही. पण गेले चार महिने वहीत फिरून फिरून एकच विषय येतोय, आणि तो लिहिताना पेन इतकं दाबलं जातं की मागच्या पानावर अक्षरं उमटतात. म्हटलं, असं रोज थोडं थोडं चिडण्यापेक्षा एकदा सगळं सलग लिहून काढावं.

हे सुनंदाबद्दल आहे. माझी शेजारीण. पनवेलला लाइन आळीच्या मागे आमची चारमजली बिल्डिंग आहे, तिच्यात तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. तिचं माहेर उरणचं, वडील तिथे शाळामास्तर. लग्न होऊन ती पनवेलला आली तेव्हा बावीस वर्षांची होती, आता एकोणसाठची आहे. नवरा चारुदत्त सरकारी खात्यात होता. मुलगा सत्यजीत, सून रुचिरा, दोघंही नोकरीवाले. सुनंदाला काय येतं म्हणून विचाराल तर सगळं येतं. पण तिला आवडतं काय, तर मासे. दागिना नाही, साडी नाही, सिनेमा नाही. मासे.

आवड म्हणजे कशी, तर ती मासळी बाजारात जाताना तिची चाल बदलायची. उरण नाक्याच्या बाजारात गव्हाणची भीमाबाई बसते, तिच्याकडेच जायची. माशाचे कल्ले उघडून बघायची, पोटाला बोट लावायची, शेजारच्या कोळणीच्या टोपलीकडे मुद्दाम बघायची म्हणजे भीमाबाई चिडावी. मी बरोबर असले तर भाजीवाल्यापाशी थांबायची, पण तिथूनही तिचं हसणं ऐकू यायचं. घरी येऊन तळायला घेतलं की आमच्या बाजूचं दार आपणहून लावून घ्यायची. "तुझ्या पांडुरंगाला त्रास नको," म्हणायची. मी म्हणायची, "त्याला नाही होत, मला होतो." मग दोघी हसायचो. सदतीस वर्षांत आमचं यावरून एकदाही भांडण झालेलं नाही. ज्यांचं देवाशी बरं चाललेलं असतं त्यांना दुसऱ्याच्या ताटात डोकावावं लागत नाही, असं माझं मत आहे.

सासू होती तोपर्यंत सुनंदा शेवटी जेवायची. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, मग वेणूताई माहेरपणाला आलेल्या असल्या तर त्या. वेणूताई म्हणजे चारुदत्तची थोरली बहीण, सुनंदाची नणंद. सुनंदाच्या वाटणीला रस्सा यायचा आणि त्यात राहिलंच तर शेपटीकडचं काही. तिने कधी तोंड वेडंवाकडं केलं नाही. "रस्सा कसा, सगळ्यांची चव घेऊन शेवटी माझ्याकडे येतो," म्हणायची. सासू गेल्यावर मात्र चारुदत्तने रीत बदलली. रविवारी तिला आपल्याबरोबरच बसवायचा. एकदा मी काहीतरी मागायला गेले तर हा हात धुऊन तिच्यासमोर नुसता बसलेला. म्हणाला, "बघा ना वहिनी, बोंबलाचा काटा कसा ओढते. आख्खाच्या आख्खा बाहेर. मला जन्मात जमलं नाही." बायकोचं खाणं कौतुकाने बघणारा पुरुष मी तेवढा एकच पाहिला.

तो दीड वर्षापूर्वी गेला. झोपेतच गेला.

वर्षश्राद्ध झालं आणि वेणूताईंनी काशी काढली. त्या खारघरला राहतात, ओवे गावाच्या बाजूला नवीन टॉवर झालेत तिथे. बरोबर त्यांचे यजमान हरेशराव, सत्यजीत, सुनंदा, आणि मी. माझ्या ह्यांना गुडघ्यांमुळे जमत नव्हतं, म्हणून मी एकटी त्यांच्यात. मार्गशीर्षात गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे काशीला गेलं की एखादी आवडती वस्तू कायमची सोडायची पद्धत आहे. ओंजळीत पाणी घ्यायचं, गुरुजी संकल्प सांगतात, आपण वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. मनावर थोडा ताबा यावा, एवढा त्यातला हेतू. चांगला आहे. मी नावं ठेवत नाही.

आता कोणी काय सोडलं ते ऐका. हरेशरावांनी पडवळ सोडलं. साठ वर्षांत त्यांनी पडवळाला हात लावलेला नाही. सत्यजीतने फणस सोडला, त्याला फणसाच्या वासाने मळमळतं. वेणूताईंनी मुळा सोडला. आणि मी, सांगते बाई, मी चहा सोडायचा ठरवून गेले होते. घाटावर थंडी एवढी होती की धीर झाला नाही, रामफळ सोडलं. कोणी कोणाला काही बोललं नाही. गुरुजीही नाही. त्यांचं रोजचंच आहे.

सुनंदाने गाडीतच मला सांगून ठेवलं होतं, सीताफळ सोडणार. "आवडतं बऱ्यापैकी, आणि वर्षातून दोन महिने येतं. देवालाही काही मिळाल्यासारखं वाटेल आणि मीही मरणार नाही." ती खाली बसली, ओंजळ पुढे केली. गुरुजींनी सुरू केलं, "मार्गशीर्ष मासे, शुक्ल पक्षे..." आणि तिने माझ्याकडे तिरकं बघितलं. आमचा जुना विनोद. बिल्डिंगच्या सत्यनारायणाला भटजी 'मासे' म्हणाले की ती माझ्या कानात म्हणायची, "बघ, पोथीत पण आहेत." नवरा गेल्यापासून तिच्या ओठांवर हसू आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढंसंच होतं. पण वेणूताईंनी ते पाहिलं.

गुरुजी म्हणाले, "माताजी, जो वस्तु सबसे प्रिय हो, उसका नाम लीजिए।"

सुनंदाने तोंड उघडलं, "सी..."

"मासे!" वेणूताई मागून म्हणाल्या. मोठ्याने. "मासे सोडतेय ती. सबसे प्रिय वही है गुरुजी, मासे."

सुनंदाने वळून बघितलं. "वन्सं, मी सीताफळ..."

"सीताफळ काय सोडतेस? चारूसाठी आलोय ना इथे? त्याच्यासाठी एवढं नाही होणार?" वेणूताईंचा आवाज भरून आला होता. भाऊ गेल्याचं दुःख खरंच होतं त्यांना, ते मी नाकारत नाही. पण त्या दुःखापायी त्यांनी स्वतः मुळा सोडला होता, हे विसरू नका.

गुरुजींना घाई होती. मागे रांग होती. "मास? अच्छा, मास," असं पुटपुटत त्यांनी भराभर पुढचं म्हटलं आणि "छोड़िए जल" म्हणाले. सुनंदाची ओंजळ तशीच. सत्यजीतने खाली वाकून हलकेच तिच्या मनगटाला हात लावला, "आई, सोड ना, लोक थांबलेत." बोटं सैल झाली. पाणी गेलं.

मी तिच्याशेजारी बसले होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती का? नाही. मला वाटलं, घाटावर, अशा कामात, आपण कशाला बोला. माझ्या वहीत त्या दिवशी मी फक्त एवढंच लिहिलं: कोणी काय सोडलं, गुरुजींनी संकल्प काय सांगितला, नावेतून आरती छान दिसली. आरती छान दिसली! आता ते पान वाचताना मला माझाच राग येतो.

पनवेलला आलो आणि मग खरं सुरू झालं. मला वाटलं होतं, मासे सोडले म्हणजे घरातून गेले. कसले जातात! सुनंदाने सोडले होते, बाकीच्यांनी पडवळ, फणस आणि मुळा. दर रविवारी वेणूताई आणि हरेशराव पूर्वीसारखेच जेवायला येत होते, सत्यजीतला पूर्वीसारखंच कालवण हवं होतं. आणि सुनंदासारखं कोणाला येतं? म्हणून तिनेच बाजारात जायचं, तिनेच साफ करायचे, वाटण वाटायचं, चिंचेचा कोळ घालायचा, तळायचे, गरम गरम वाढायचे. आणि आपण डाळ-भात घेऊन कडेला बसायचं. वर हरेशराव म्हणायचे, "सुनंदाबाई, तुमचा त्याग मोठा हो!" आणि तुकडीवर लिंबू पिळायचे.

कालवण करताना ती एक थेंब तळहातावर घेऊन चाटून बघायची, मीठ बरोबर आहे का म्हणून. सदतीस वर्षांची सवय. परत आल्यावर पहिल्याच रविवारी वेणूताईंनी तो हात धरला. "अगं, चाखणं म्हणजे खाणंच झालं."

मग ती अंदाजाने मीठ घालायला लागली. कधी कमी, कधी जास्त. रुचिरा घरात असेल तर तिला चाखायला द्यायची, पण रविवारी सकाळी रुचिरा आठवड्याचे कपडे घेऊन बसलेली असायची, दर वेळी हाक कुठे मारणार? एकदा कालवण खारट झालं. हरेशराव म्हणाले, "वहिनी लोकांचा हात वयाबरोबर जातो म्हणतात." सगळे हसले. सुनंदाही हसली. मी तेव्हा तिथे वाटी परत द्यायला गेले होते. त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या जिभेला कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि मग तिचा हात गेला म्हणून हसायचं!

बाजारातही हेच. माघात मी तिच्याबरोबर गेले होते. ह्या वेळी भाजीवाल्यापाशी थांबले नाही, तिच्या मागोमाग आत गेले, पदर नाकाला लावून. भीमाबाई म्हणाली, "ताय, तुमी मासली सोरली असां आयकला. खरां हाय?"

"खरं आहे."

"कोनी सांगला सोराया?"

सुनंदा म्हणाली, "देवाने."

भीमाबाईने सुरी खाली ठेवली. "आमचे देवीला तं निवदान मासली लागते. तुमचे देवाला काय झाला?" मग माझ्या माळेकडे बघून जरा ओशाळली. "तुमाला नाय हं बोलत, माय. तुमी जल्मापासून नाय खाल्ली, तुमचा येगला. हिचा तोंड बघा कसा झालाय, सुकल्या बोंबलासारका."

सुनंदाने मांदेली घेतली. बोट लावून बघितली नाही, कल्ले उघडून बघितले नाहीत. "दे कोणतीही," म्हणाली. तेव्हा मला कळलं, नुसतं खाणं नाही गेलेलं.

मी उपास करते. एकादशी, सोमवार, नवरात्र. आनंदाने करते. पोटात काही नसताना नाम घेतलं की आतून कसं हलकं वाटतं, ते मला माहीत आहे आणि ते सुख मी कोणाला देणार नाही. पण तो उपास माझा आहे. कोणी माझ्यामागे उभं राहून ओरडून सांगितलेला नाही. बायकांना हे जे त्यागाचे दागिने घातले जातात ना, ते बहुतेक वेळा मागून कोणीतरी गळ्यात अडकवलेले असतात. पुढून बघणारे म्हणतात, काय शोभतात! माझ्या आईने मामा आजारी असताना गूळ सोडला होता. मामा बरे झाले, चाळीस वर्षं जगले, आणि तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन जगले. ती चाटणही घेत नसे. आम्ही मुली ते अभिमानाने सांगायचो. आज लाज वाटते.

फाल्गुनात रुचिराने माझं दार वाजवलं. ही पोरगी बेलापूरला ऑफिसात आहे, कमी बोलते. म्हणाली, "काकू, जरा चला. मम्मींशी बोलायचंय, तुम्ही असाल तर ऐकतील."

सुनंदा ओट्याशी पालेभाजी निवडत होती. रुचिरा म्हणाली, "मम्मी, तुमचे रिपोर्ट आलेत. प्रोटीन कमी आहे, हिमोग्लोबिन कमी आहे. आपण आत्यांना सांगू, डॉक्टरांनी मासे खायला सांगितलेत. डॉक्टरपुढे आत्या बोलत नाहीत."

"डॉक्टरांनी सांगितलेत?"

"सांगतील. मी विचारलं तर सांगतील."

सुनंदा भाजी निवडत राहिली. "म्हणजे गोळीसारखे खायचे. जेवणानंतर एक, नाक दाबून. आणि चांगले लागले तर तोंड पाडून बसायचं, नाहीतर वन्सं म्हणतील, औषध एवढं मिटक्या मारत कोण घेतं."

रुचिराला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. "थांब," म्हटलं, आणि घरी जाऊन वही घेऊन आले. काशीचं पान काढलं. गुरुजींचे शब्द मी ऐकले तसे लिहिले होते, संस्कृत मला थोडं कळतं, स्तोत्रांमुळे. मोठ्याने वाचलं: 'एकमासपर्यन्तं प्रियवस्तुत्यागं करिष्ये.'

"म्हणजे?" रुचिरा म्हणाली.

"म्हणजे गुरुजींना 'मासे' कळलंच नाही! त्यांना वाटलं, महिना म्हणतायत. एक महिनाभर आवडती वस्तू सोडते, असा संकल्प सांगितलाय त्यांनी. मासळीचं त्यात नावसुद्धा नाही. आणि तो महिना पौषातच संपला!"

सुनंदा जी हसायला लागली, ती ओट्याला धरून. "मार्गशीर्ष मासे!" म्हणते आणि परत हसते. रुचिराही हसायला लागली. मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "वेणूताईंना मी दाखवते हे पान. शास्त्रानेच मोकळी झालीस तू."

तिचं हसणं थांबलं. पदराने डोळे पुसले. "नको."

"अगं, का नको?"

"पंडिताला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी मासे खायचे? आणि नीट ऐकू आलं असतं तर?"

मी ते पान तिच्यापुढे धरलं.

"डॉक्टरने सांगितलं म्हणून खा, पंडित चुकला म्हणून खा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हातातली मेथीची जुडी तिने अशी आवळली होती की पाला काळा पडला. "मला आवडतात म्हणून खा, असं कोणीच का म्हणत नाही? तू पण नाही म्हणालीस. एवढी माझी मैत्रीण, तू पण वही शोधायला गेलीस."

खरं होतं. मी वही मिटली.

चैत्रातला पहिला रविवार. सकाळी भीमाबाईचा फोन आला, जिताडा आलाय, ठेवू का. आमच्याकडे जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा, घरी आला की आळीला कळतं. सुनंदाने मला फोन केला. "आज दुपारी माझ्याकडे ये. तुझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-भात केलाय. नुसती बस."

मी गेले तेव्हा वेणूताई आणि हरेशराव सोफ्यावर, सत्यजीत पंख्याखाली फोन बघत. सुनंदा आणि रुचिरा ओट्यापाशी. कालवणाला उकळी आली तशी सुनंदाने पळी घेतली, तळहातावर थेंब घेतला, आणि चाटला.

वेणूताईंनी बघितलं. "सुनंदा!"

"मीठ कमी आहे," सुनंदा म्हणाली आणि मीठ घातलं. परत थेंब घेतला. "आता बरोबर."

"अगं, सोडलेत ना तू?"

"मी नाही सोडले, वन्सं. तुम्ही सोडलेत. माझ्या हातातून."

मग तिने पानं घेतली. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवं स्वतःचं, सगळ्यांच्या बरोबरीने. त्यात भाकरी, तळलेली तुकडी, वाटीत कालवण. बसली. वेणूताई उभ्याच होत्या.

"लाज नाही वाटत? चारूला जाऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि तुला मासे गोड लागतात?"

"लागतात, वन्सं," सुनंदा म्हणाली. "मी खूप प्रयत्न केला न लागण्याचा. वासाने अजून तोंडाला पाणी सुटतं. तो गेला त्याचं दुःख वेगळ्या जागी आहे. पोटात नाही ते."

"त्याच्या आत्म्याला काय वाटेल?"

"तो हात धुऊन समोर बसला असता. तुम्हाला माहीत नाही तो. तुम्हाला भाऊ माहीत आहे."

वेणूताई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. माळकरी आहात, पोथ्या वाचता. काशीचा संकल्प मोडला तर प्रायश्चित्त आहे की नाही?"

ते पान माझ्या डोक्यात होतं. एकमासपर्यन्तं. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. पण सुनंदाला ते नको होतं, आणि तोवर मलाही नको झालं होतं. घाटावर जो आवाज निघाला नव्हता तो त्या दिवशी निघाला, आणि इतका मोठा निघाला की सत्यजीतने फोन खाली ठेवला.

"आहे ना प्रायश्चित्त," म्हटलं. "दुसऱ्याच्या ओंजळीतलं पाणी ज्याने जबरदस्तीने सोडायला लावलं, त्याने घ्यायचं असतं. तुम्ही घ्या, सत्यजीत घेईल, आणि मी शेजारी बसून गप्प राहिले, मीही घेते. हिने काय मोडलंय? हिला विचारलं कोणी? आणि देवाचं नाव घेताय म्हणून सांगते. माझा देव चाळीस वर्षं माझ्या घरात आहे. तो कोणाची तुकडी मोजत नाही. हरेशरावांचं पडवळ त्याने मोजलं असेल तर मोजलं असेल."

"ह्यांना मध्ये आणू नका," वेणूताई म्हणाल्या.

"का? जेवायला तर ह्यांना मध्येच बसवतो आपण."

वेणूताईंनी पर्स उचलली. "चला हो." हरेशराव मान खाली घालून जेवत होते. "चला म्हणते ना!" "हो हो, आलो," ते म्हणाले, पण तुकडी संपवली, वाटी तोंडाला लावली, आणि मगच उठले. आणि या सगळ्या काळात सुनंदा जेवत होती. हळूहळू, काटे ताटाच्या कडेला लावत.

सत्यजीत म्हणाला, "आई, आत्याला असं बोलायला नको होतंस."

"कसं बोलायला हवं होतं?"

तो आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत गेला. रुचिरा मात्र हलली नाही. तिने सासूच्या ताटात भाकरी वाढली.

याला महिना होत आला. वेणूताई आलेल्या नाहीत. सत्यजीत आईशी बोलतो, पण रविवारी ताट घेऊन आतच बसतो. माझ्या भजनी मंडळात बातमी पोचली आहे. देवळातून निघताना एकीने मला कोपऱ्यात घेतलं, "तुम्ही तिला साथ दिलीत म्हणे? माळ घालून?" मी म्हटलं, "माळ घातली म्हणूनच." तिला काही कळलं नाही. रामनवमीच्या प्रसादाच्या कामाला यंदा सुनंदाला बोलावलं नाही. दरवर्षी शंभर माणसांच्या भाजीला मीठ तीच घालायची. मीही गेले नाही. कोणी विचारलं का नाही आलीस, तर सांगितलं, आणि परत विचारलं तर परत सांगीन.

काल दुपारी सुनंदा जेवून माझ्याकडे येऊन बसली. मला वाटलं होतं, आता ती पूर्वीसारखी होईल. विचारलं, "कसे झाले होते बोंबील?"

म्हणाली, "चांगले असावेत. रुचिरा म्हणत होती."

"म्हणजे? तुला नाही कळले?"

"अगं, घास तोंडात घातला की सगळे समोर येऊन उभे राहतात. वन्सं, सत्या, तुझ्या मंडळातल्या बायका. त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत बसते, तेवढ्यात घास उतरतो. चव घ्यायची राहूनच जाते." मग म्हणाली, "मासे परत घेतले मी. चव अजून मिळाली नाही."

सदतीस वर्षांची चव त्यांनी चार महिन्यांत घालवली. हे लिहिताना मागचं पान परत उमटतंय, उमटू दे.

मी म्हटलं, "मग आता काय करणार?"

"काय करणार म्हणजे?" ती म्हणाली. "उद्या मांदेली आणणार. चव परत येईपर्यंत खात राहणार."